पुढचे चाक काय म्हणते?

"दादा, गाडी बोलायला लागलीय. जरा ऐकतोस का?"

सीताफळांच्या दिवसांतली गोष्ट. माझा मावसभाऊ पुरंदर तालुक्यात राहतो. त्याची सीताफळाची बाग आहे आणि माल वाहायला एक पिकअप गाडी आहे. पहाटे क्रेट भरायचे, दिवे घाट उतरायचा, हडपसरवरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल पोचवायचा आणि ऊन चढायच्या आत परत फिरायचे, हा त्याचा नेम. त्या दिवशी तो यार्डातून थेट आमच्या घरी आला. पुढच्या डाव्या चाकातून आवाज येत होता. वाटेतल्या एका गॅरेजात त्याने गाडी दाखवली होती. तिथल्या कारागिराने चाकाच्या भोकांतून आत डोकावून सांगितले, "पॅड चांगले आहेत. डिस्क गेलीय. बदलून टाका."

"बदलू का?" भावाने विचारले.

"आधी ऐकू, मग बघू, मग बदलू," मी म्हटले.

मित्रांनो, मी काही मोटार मेकॅनिक नाही. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. पण त्या दिवशी आम्ही जे केले, त्यात नववी-दहावीच्या पुस्तकाबाहेरचे फारसे काही नव्हते. म्हणूनच ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

ब्रेक कशाशी झुंजतो?

ब्रेक गाडी थांबवतो असे आपण म्हणतो. पण ऊर्जा नाहीशी करता येत नाही, तिचे फक्त रूप बदलता येते. तेव्हा ब्रेक म्हणजे गतिज ऊर्जेची उष्णता करणारे यंत्र होय.

थोडे गणित करू. मालासकट गाडीचे वस्तुमान २५०० किलोग्रॅम आणि वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर धरा. गतिज ऊर्जा ½mv² या सूत्राने सुमारे ३,४८,००० ज्यूल येते. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो. बस थांबताना तुम्ही पुढे कलता, तसेच. त्यामुळे थांबवण्याचे बरेचसे काम पुढच्या चाकांवर पडते. ते ७० टक्के धरू. पुढच्या दोन डिस्क प्रत्येकी ८ किलोच्या मानल्या आणि लोखंडाची विशिष्ट उष्मा ४६० धरली, तर एकदा थांबण्यात त्यांचे तापमान सुमारे ३३ अंशांनी वाढते. यात घाबरण्यासारखे काही नाही.

आता घाट घ्या. समजा गाडी २५० मीटर उंची उतरली. स्थितिज ऊर्जा mgh, म्हणजे ६१ लाख ज्यूलहून अधिक झाली. एवढ्या उष्णतेत साधारण १९ लिटर पाणी घागरीच्या थंडाव्यापासून उकळीपर्यंत नेता येईल! यातला ७० टक्के वाटा पुढच्या दोन डिस्कमध्येच साठून राहिला, तर त्यांचे तापमान ५८० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. वारा डिस्क थंड करत असतो आणि जाणता चालक खालच्या गिअरमध्ये उतरतो, म्हणजे बराचसा भार इंजिन घेते. 'ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच गिअरमध्ये उतर' ही जुन्या चालकांची शिकवण ऊर्जेच्या हिशेबातूनच आलेली आहे.

पुणेकरांना कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा लांबलचक उतार ठाऊक आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्या उतारावरून आलेल्या एका अवजड ट्रकने पुलाजवळ एकामागून एक वाहनांना धडका दिल्या. अनेक वाहनांचे नुकसान झाले. आधी ब्रेक निकामी झाल्याची बातमी होती. पुढे प्राथमिक तपासात चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे सांगितले गेले. इंजिन बंद केले की ब्रेकला त्याच्याकडून मिळणारी मदत जाते. चार पैशांचे डिझेल वाचवण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे यावरून समजेल.

म्हणूनच ब्रेकमधून येणारा आवाज 'येतोय तर येऊ दे' म्हणून सोडून द्यायचा नसतो.

आतली रचना

तुमच्या सायकलच्या चाकाकडे पाहा. ब्रेक दाबला की दोन रबरी ठोकळे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. डिस्क ब्रेकचे तत्त्व हेच आहे. फक्त रिमऐवजी चाकाबरोबर फिरणारी बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जाड तबकडी असते. तीच डिस्क. रबराच्या जागी पोलादी पट्टीवर घर्षणद्रव्य चिकटवलेले दोन पॅड असतात आणि चिमट्याच्या जागी कॅलिपर.

पुष्कळ गाड्यांतल्या कॅलिपरमध्ये दट्ट्या एकाच बाजूला, म्हणजे गाडीच्या आतल्या अंगाला असतो. मग बाहेरचा पॅड डिस्कवर कोण दाबतो? न्यूटनचा तिसरा नियम! दट्ट्या आतल्या पॅडला डिस्ककडे ढकलतो. तेवढ्याच बलाने कॅलिपरचे घर उलट दिशेला ढकलले जाते. हे घर दोन गुळगुळीत पिनांवर सरकू शकते. ते सरकते आणि बाहेरच्या पॅडला डिस्कवर ओढून घेते. म्हणजे दोन्ही पॅड सारख्याच बलाने दाबले जातात. मात्र त्यासाठी पिनांवर कॅलिपर मोकळेपणाने सरकला पाहिजे. ही अट लक्षात ठेवा. पुढे ती कामाला येणार आहे.

पहिला प्रश्न : आवाज कोणाच्या तालावर?

गाडीत फिरणारे भाग अनेक, आणि प्रत्येकाचा ताल वेगळा. इंजिन एका वेगाने फिरते, मागच्या चाकांना शक्ती पोचवणारा दांडा दुसऱ्या, चाके तिसऱ्या. आवाज कोणाच्या तालावर पडतो हे कळले की निम्मे काम झाले.

चाकाच्या टायरवर आणि खाली जमिनीवर आम्ही खडूने खूण केली. गाडी हळूच ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ दिला आणि टेपने अंतर मोजले. ते २ मीटर २० सेंटिमीटर भरले. मग मोकळ्या रस्त्यावर ५५ मीटर अंतर आखून घेतले. ५५ भागिले २.२ म्हणजे बरोबर २५ फेरे. भावाने गाडी सावकाश चालवली, मी खिडकीतून कान देऊन मोजत होतो. 'घस्... घस्... घस्...' आवाज पंचवीस वेळा आला.

वेग थोडा वाढवून पुन्हा तेच केले. आवाज भराभर येऊ लागला, पण ५५ मीटरांत पुन्हा पंचवीसच. पाहा, घड्याळाची गरजच पडली नाही. वेग कितीही असो, तेवढ्या अंतरात चाकाचे फेरे तेवढेच होतात. तेव्हा आवाजाचा संबंध चाकाशी किंवा चाकाबरोबर फिरणाऱ्या भागाशी होता. मागचा दांडा चाकापेक्षा कितीतरी अधिक वेगाने फिरतो. दोष त्यात असता, तर आकडा पंचवीसवर थांबला नसता.

दुसरा प्रश्न : ब्रेक दाबल्यावर काय होते?

ब्रेक हलकेच दाबल्याबरोबर 'घस् घस्' बंद झाले आणि त्या जागी सलग 'खर्रर्र' अशी खरखर सुरू झाली. तिची थरथर पेडलवर पायालाही जाणवत होती. ब्रेक सोडला की पुन्हा घस् घस्.

हा महत्त्वाचा पुरावा होता. टायरमध्ये खडा रुतला असता, तर ब्रेक दाबून आवाजाची जात बदलली नसती. बेअरिंग खराब असते, तर घुमल्यासारखा आवाज आला असता आणि वळण घेताना, भार एका चाकावरून दुसऱ्यावर जाताच, तो कमीजास्त झाला असता. आम्ही गाडी मोकळ्या जागेत डावीउजवीकडे वळवून पाहिली. काहीच फरक पडला नाही. डिस्कमागच्या पातळ पत्र्यात खडा अडकला असता, तर कर्कश कुरकुर झाली असती, पण पेडलला थरथर जाणवायचे कारण नव्हते. म्हणजे संशय आता डिस्क आणि पॅड यांच्यावर येऊन ठेपला.

तिसरा प्रश्न : उष्णता कुठे आहे?

लांबूनच तापमान सांगणारा तापमापक मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणला होता. चकचकीत धातूवर हे उपकरण फसते, म्हणून आम्ही दोन्ही चाकांच्या रंगवलेल्या भागावरच, सारख्या जागी, मोजणी केली. डावे चाक उजव्यापेक्षा सुमारे ४० अंशांनी अधिक तापले होते.

"म्हणजे डाव्यात दोष," भाऊ लगेच म्हणाला.

थांबा! इथेच घाई नडते. डावे चाक जास्त गरम असण्याची कारणे दोन असू शकतात. एक, डाव्या चाकाचा ब्रेक सुटत नसेल आणि विनाकारण घासत असेल. दोन, उजव्याचा ब्रेक लागतच नसेल आणि त्याचेही काम डाव्याला करावे लागत असेल. दोन्ही कल्पना निरीक्षणाशी जुळतात. त्यांच्यात निवड करायची तर असा प्रयोग हवा, ज्याचे उत्तर दोन्हींसाठी वेगवेगळे येईल. विज्ञानाची रीत ती हीच.

तो प्रयोग सोपा होता. पुढे आम्ही ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीला घोडी लावून पुढची दोन्ही चाके उचलली आणि हाताने फिरवली. उजवे चाक मोकळे फिरत राहिले. डावे अर्ध्या फेऱ्यातच अडले. पहिली कल्पना खरी ठरली.

चाक उघडले तेव्हा

चाक काढले. बाहेरचा पॅड खरोखरच चांगला जाड होता. पहिल्या कारागिराने भोकांतून पाहिला तो हाच. त्याने पाहिले ते खोटे नव्हते, पण पुरे नव्हते. मिस्त्रींनी कॅलिपर सोडवला आणि आतला पॅड हातावर ठेवला. घर्षणद्रव्य पार संपले होते, उघडी पोलादी पट्टी डिस्कवर घासत होती. डिस्कची बाहेरची बाजू गुळगुळीत आणि आतली बाजू मात्र ग्रामोफोनच्या तबकडीसारखी खाचांनी भरलेली.

असे एकाच बाजूला का झाले? मघाची अट आठवा. पिनांवरच्या रबरी टोपणांपैकी एक फाटले होते. पावसाळ्यातले पाणी आणि चिखल आत जाऊन पिना गंजल्या होत्या, कॅलिपर जागच्या जागी जाम झाला होता. त्यामुळे दट्ट्या आतल्या पॅडला दाबत राहिला, आणि ब्रेक सोडल्यावरही तो पॅड डिस्कपासून नीट सुटेना. बाहेरचा पॅड मात्र जवळजवळ बसून होता.

आता 'घस् घस्' आवाजाचाही उलगडा झाला. कोणतीही डिस्क फिरताना अगदी किंचित, मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी, डोलते. पॅड नीट मागे सरकत असेल, तर ते कळतही नाही. पण पॅड चिकटून राहिला, तर डिस्कचा उंच भाग प्रत्येक फेऱ्यात एकदा त्याला जोराने घासतो. पंचवीस फेरे, पंचवीस आवाज.

राहिला प्रश्न डिस्कचा. मिस्त्रींनी स्क्रू गेज काढला. होय, तुमच्या प्रयोगशाळेत तारेची जाडी मोजायला असतो तोच, फक्त मोठा. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. या डिस्कवर २० मिलिमीटर होती. खाचांच्या जागी माप आले १९.६. म्हणजे लेथवर फेस मारून ती पुन्हा वापरण्याचीही सोय उरली नव्हती. पातळ डिस्क तेवढीच उष्णता घेऊन अधिक तापते, आणि तडा जाण्याचा धोकाही वाढतो.

"म्हणजे तो गॅरेजवाला बरोबरच बोलला की! डिस्क बदलायलाच हवी," भाऊ म्हणाला.

मिस्त्री हसले. "डिस्क बदला म्हणाला ते बरोबर. पण कशाने गेली, ते त्याने कुठं पाहिलं? नुसती डिस्क टाकली असती, तर दिवाळीनंतर पुन्हा आला असता."

मित्रांनो, या गोष्टीचे सार या दोन वाक्यांत आहे. उत्तर बरोबर येणे वेगळे आणि कारण सापडणे वेगळे. गणिताच्या पेपरात नुसते उत्तर लिहिले, तर गुण का कापतात, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

नाना पेठेतून सुटे भाग आले. दोन्ही बाजूंचे पॅड आणि दोन्ही डिस्क नव्या बसवल्या. एकाच बाजूला नवे भाग टाकले, तर दोन्ही चाकांचे घर्षण असमान होऊन गाडी एका बाजूला ओढली जाऊ शकते. पिना साफ करून त्यांना उष्णता सोसणारे खास ग्रीस लावले, रबरी टोपणे बदलली आणि ब्रेक ऑइलही नवे भरले. हे ऑइल हवेतली दमट शोषते. 'डॉट ३' या दर्जाचे ऑइल नवे असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण दमट शोषल्यावर हा आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. ते उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल तळाला जाऊनही ब्रेक लागत नाही.

माठ आणि डिस्क

नवी डिस्क बसवण्यापूर्वी मिस्त्रींनी ती बोटावर तोलून धरली आणि पान्याने हलकेच टिचकी मारली. 'टण्ण' असा सुरेल नाद घुमला. "तडा असता तर बद्द वाजली असती," ते म्हणाले. तुमची आई माठ घेताना वाजवून घेते, त्यामागचे तत्त्वही हेच. प्रत्येक वस्तूच्या कंपनांची स्वतःची नैसर्गिक वारंवारता असते. तडा गेला की तिथे कंपनांची ऊर्जा खर्ची पडते आणि नाद विरतो.

यावरून ब्रेकच्या दुसऱ्या एका आवाजाचे कोडे सुटते. थांबताना काही गाड्या 'चीं' असा कानात घुसणारा सूर काढतात. हा सूर चाकाच्या तालावर नसतो. गाडी मंदावली तरी त्याची पट्टी बहुधा तीच राहते. का? कारण तो चाकाच्या फेऱ्यांतून येत नाही, तर डिस्क आणि पॅड यांच्या नैसर्गिक कंपनांतून येतो. व्हायोलिनचा गज तारेला ओढतो, सोडतो, पुन्हा ओढतो आणि तार तिच्याच सुरात वाजत राहते. इथे गजाचे काम पॅड करतो आणि तारेचे डिस्क. या किंकाळीची वारंवारता सेकंदाला हजार कंपनांपासून दहा-पंधरा हजारांपर्यंत असू शकते.

हे दुखणे डिस्क ब्रेकइतकेच जुने आहे. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याने तांब्याचे पॅड वापरले होते. धातूवर धातू घासून ते भयंकर किंचाळत. १९०७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूड याने त्यांवर अ‍ॅस्बेस्टॉसचे अस्तर लावले आणि आवाज कमी झाला. पुढे अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असल्याचे कळले आणि दुसऱ्या द्रव्यांचा शोध सुरू झाला. एका दुखण्यावरचा उपाय कधीकधी दुसरे दुखणे घेऊन येतो, तो असा. जुन्या ब्रेकमधली धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने कधीही उडवू नये, हे यासाठीच.

आपल्या पुण्यात वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. वाहनांचे ब्रेक, कंपने आणि आवाज यांच्या चाचण्या तिथे होतात. ब्रेक का ओरडतो, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे जुना असला, तरी अभियंत्यांना तो अजूनही पुरता सुटलेला नाही. तुमच्यापैकी कोणाची वाट पाहत असेल तो!

प्रत्येक आवाज मात्र दोषाचा नसतो. पावसाळी रात्री गाडी उघड्यावर राहिली, तर बीडाच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खसखस होते आणि थर घासला गेला की थांबते. थांबते तो आवाज साधा. दिवसागणिक वाढतो, पेडलला थरथर देतो, तो आवाज धोक्याचा.

करून पाहा

१. खडू फळ्यावर उभा धरून ओढा, किंचाळी ऐका. आता खडूचे दोन तुकडे करून छोटा तुकडा ओढा. सूर बदलला का? का बदलला?

२. सायकलच्या चाकाच्या एका फेऱ्याचे अंतर खडूच्या खुणेने मोजा. आता सायकलमधून येणारा एखादा ठरावीक आवाज, म्हणजे चेनची कटकट, पेडलची कुरकुर किंवा ब्रेकच्या रबराची घासघास, ५० मीटरांत किती वेळा येतो ते मोजा. हा आकडा चाकाच्या फेऱ्यांशी जुळतो की पेडलच्या? दोष कुठे आहे ते ओळखा.

३. चाकाच्या आऱ्यांना लागेल असे पुठ्ठ्याचे पान चिमट्याने अडकवा. आरे मोजा आणि ताशी १० किलोमीटर वेगाला सेकंदाला किती टकटक होतील ते काढा.

एक ताकीद. मोटारीखाली किंवा जॅकवर उचललेल्या गाडीजवळ तुम्ही स्वतः जाऊ नका. आणि घाट उतरलेल्या गाडीच्या डिस्कला हात लावण्याचा मोह तर मुळीच नको.

भावाची गाडी आता गप्प आहे. परवा फोनवर म्हणाला, "दादा, पेडल पाण्यासारखं झालंय. आता दर पावसाळ्याआधी पिना उघडून बघायच्या, असं ठरवलंय." मी म्हटले, ते ठीकच. पण घाटाच्या पायथ्याशी आलास की खिडकीची काच रोज थोडी खाली करत जा. चाक काही सांगत असेल, तर ते आधी ऐकू यायला हवे.